डिफरन्शियल समजून घ्या आणि सांभाळा: ऑइल, ब्रीदर, आवाज सगळं एका ठिकाणी

इंजिन ऑइल बघायला डिपस्टिक असते, कूलंटची टाकी बाहेरूनच दिसते, ब्रेक ऑइल कमी झालं तर समोर दिवा लागतो. इंजिनचा जोर दोन चाकांना वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला यातलं काहीच नाही. बहुतेक गाड्यांत ना कांडी, ना दिवा, ना काटा. आतलं ऑइल थेंब थेंब करत निम्म्यावर आलं तरी गाडी नेहमीसारखी पळत राहते आणि ज्या दिवशी मागून घोंऽऽऽ असा आवाज यायला लागतो त्या दिवशी ऑइल टाकून काही उपयोग नसतो, कारण तोवर दात आणि बेअरिंग खाल्ले गेलेले असतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. डिफरन्शियल फार काही मागत नाही हो, वेळेवर ऑइल, उघडा ब्रीदर (आतल्या हवेला बाहेर जायची वाट) आणि तुमचे कान एवढंच, पण ते कुणीतरी मुद्दाम लक्षात ठेवून द्यावं लागतं.

आधी हा प्रकार गाडीत असतोच कशाला ते बघू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. समजा आतलं चाक ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चाललंय आणि दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आहे, म्हणजे बाहेरचं चाक साडेसहा मीटरवर. एक यू-टर्न मारला तर आतलं चाक साधारण १५.७ मीटर चालतं आणि बाहेरचं २०.४ मीटर, म्हणजे जवळपास पावणेपाच मीटरचा फरक, नेहमीच्या टायरचा घेर २ मीटर धरला तर बाहेरचं चाक दोनपेक्षा जास्त फेरे जादा फिरतं. हातगाडीला याचा प्रश्न येत नाही कारण तिची चाकं आसावर मोकळी फिरतात. पण इंजिनचा जोर दोन्ही चाकांना द्यायचाय आणि तरी त्यांना वेगवेगळं फिरू द्यायचंय, ही खरी अडचण. दोन्ही चाकं एकाच सळईला पक्की केली तर प्रत्येक वळणावर एक टायर रस्त्यावर घासत जाणार, एक्सलला पीळ बसणार आणि गाडी सरळच जायला बघणार. स्वयंचलित वाहनासाठी यावर गिअरचं उत्तर काढून फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकेरने १८२७ साली पेटंट घेतलं, ते वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी होतं, आणि आजच्या साध्या डिफरन्शियलचं तत्त्व तेच आहे.

आत काय असतं? गिअरबॉक्सचा जोर मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटा गिअर असतो तो पिनियन, तो मोठ्या चकतीसारख्या गिअरला फिरवतो तो क्राऊन. इथे दोन कामं होतात, फिरण्याची दिशा ९० अंशात वळते आणि वेग कमी होऊन जोर वाढतो. पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४१ असतील तर रेशो ४.१, म्हणजे शाफ्ट ४.१ वेळा फिरला की क्राऊन एकदा. क्राऊन एका पिंजऱ्याला बोल्टने घट्ट बसवलेला असतो आणि त्या पिंजऱ्यात आडव्या पिनवर दोन (जड गाड्यांत चार) छोटे गिअर असतात, ज्यांना स्टार पिनियन किंवा स्पायडर गिअर म्हणतात, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन साइड गिअर, एकेका एक्सलचे. गाडी सरळ चालली असेल तेव्हा स्टार पिनियन स्वतःभोवती अजिबात फिरत नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळण आलं की ते स्वतःभोवती फिरायला लागतात आणि एका बाजूचा जितका वेग कमी होतो तेवढाच दुसऱ्या बाजूला वाढतो. दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी कायम क्राऊनच्या वेगाएवढी. एक चाक पूर्ण थांबलं तर दुसरं क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरणार. बस, हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर हे हाताने करून बघा, वाचण्यापेक्षा लवकर समजेल. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, मागचा एक्सल जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं तर साधा म्हणजे ओपन डिफरन्शियल आहे, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप (एका चाकाला मोकाट घसरू न देणारा प्रकार, पुढे येतोच) किंवा लॉक झालेला (झिजलेल्या किंवा वर्म गिअरवाल्या लिमिटेड स्लिपचं चाक कधीकधी ओपनसारखं वागतं, त्यामुळे मॅन्युअलही बघाच). साध्या डिफरन्शियलचा रेशो काढायचा असेल तर कुणालातरी एक चाक घट्ट धरून ठेवायला सांगा, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा आणि मोकळं चाक बरोबर दोन फेरे फिरवा, शाफ्ट जेवढे फेरे फिरेल तेवढा रेशो. चार फेरे आणि थोडं वर झालं की ४.१ च्या आसपास.

आता याची कमजोरी. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतो, त्यामुळे एक चाक चिखलात पकड सोडून बसलं की त्या घसरणाऱ्या चाकाला फिरवायला जेवढा थोडासा जोर लागतो तेवढाच दुसऱ्या, चांगल्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. इथे लोक काय करतात, आणखी रेस देतात. हे करू नका, मनापासून सांगतोय. सरळ रस्त्यावर जे स्टार पिनियन जवळजवळ स्थिर असतात ते आता त्या बारक्या पिनवर भयानक वेगाने फिरतात, पिनवर फक्त ऑइलचा पातळ थर असतो, तो जळतो आणि पिन व गिअर एकमेकांना चिकटून खरवडले जातात. पिन तुटली तर तुकडे सरळ क्राऊन-पिनियनमध्ये जातात. गाडी रुतली तर चाकाखालचा चिखल काढा, फळी किंवा दगड टाका, ओढून घ्या, पण एक चाक हवेत भिरभिरत ठेवू नका.

ही कमजोरी घालवायला लिमिटेड स्लिप निघाले, काहींत क्लच प्लेटा असतात, काहींत वर्म गिअर. शिवाय दोन्ही चाकं एकत्र बांधणारा, हाताने लावायचा डिफ लॉक असतो, ट्रॅक्टरला पायाशी पेडल असतं तोच. हल्लीच्या बऱ्याच गाड्या घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तेच काम करून घेतात.

तुमच्या गाडीत डिफरन्शियल नेमका कुठे आहे ते आधी शोधा, कारण देखभाल त्यावर ठरते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तो गिअरबॉक्सच्याच हौसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) असतो, बहुतेकांत दोघांचं ऑइल एकच, तेव्हा गिअर ऑइल बदललं की त्याचंही झालं. पिकअप, टेम्पो, ट्रक, जुन्या जीप यांच्या मागच्या एक्सलच्या मध्ये जो फुगीर लोखंडी भाग दिसतो तो हा. फोर बाय फोरला पुढे एक, मागे एक आणि कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला मध्ये आणखी एक. इलेक्ट्रिक गाडीलाही डिफरन्शियल असतो बरं का, मोटरच्या रिडक्शन गिअरबरोबर एकाच डब्यात, आणि त्यालाही ऑइल असतं. पुढे जे लिहितोय ते मुख्यतः मागच्या स्वतंत्र डिफरन्शियलबद्दल.

ऑइल. इथे काटकसर नको आणि अंदाज तर मुळीच नको. बहुतेक मागच्या डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियन हायपॉइड पद्धतीचे असतात, म्हणजे पिनियनची मधली रेषा क्राऊनच्या मधल्या रेषेच्या खाली असते. त्यामुळे दात मोठे आणि मजबूत करता येतात, शाफ्ट खाली घेता येतो, आवाज कमी होतो, पण दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत तर प्रचंड दाबाखाली घसरतातही. साधं ऑइल त्या दाबात टिकत नाही. म्हणून गंधक-फॉस्फरसचे घटक असलेलं ऑइल लागतं, जे दाताच्या पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करतं, त्याचा तो उग्र वास त्यामुळेच. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं ते हे. जीएल-४ हे कमी दाबाच्या कामाचं, गिअरबॉक्ससाठी असतं, ते हायपॉइड डिफरन्शियलमध्ये टाकू नका. आणि उलटही करू नका, कारण जीएल-५ मधले घटक काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवत नाहीत. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच, कुठे ७५डब्ल्यू-९०, कुठे ८०डब्ल्यू-९०, जड वाहनांना ८५डब्ल्यू-१४०. क्लच प्लेटवाला लिमिटेड स्लिप असेल तर त्यासाठीचं फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण जुळवणारा घटक) घातलेलं ऑइल लागतं, नाहीतर हळू वळताना मागून कडकड, थरथर सुरू होते.

किती दिवसांनी बदलायचं? मॅन्युअल सांगेल ते. बऱ्याच गाड्यांना ४० ते ८० हजार किलोमीटरच्या मधला कुठलातरी आकडा असतो, पण तो हलक्या वापराचा. माल भरून चालणारी, ट्रेलर ओढणारी, घाटात राबणारी गाडी असेल तर मी निम्म्यावरच बदलीन. आणि एक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर किलोमीटर मोजत बसायचं नाही, त्याच आठवड्यात प्लग उघडून बघायचं.

लेव्हल बघायची तर गाडी सपाट जागेवर हवी, चढावर उभी असेल तर आकडा खोटा निघतो. उचलायची असेल तर चारही बाजूंनी सारखी उचला, आणि नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, घोडी लावल्याशिवाय नाहीच. हौसिंगवर वर, बाजूला एक प्लग असतो तो ऑइल भरायचा, अगदी तळाला असेल तो ऑइल काढायचा (काहींना तळाचा नसतोच, मग मागचं कव्हर उघडावं लागतं किंवा पंपाने ओढावं लागतं). प्लगच्या भोवतीची माती आधी वायर ब्रशने नीट साफ करा, कारण प्लग उघडताना तीच आत पडते. भरायचा प्लग काढा आणि करंगळी आत घालून खाली वाकवा. बऱ्याच गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या कडेशी टेकलेलं असायला हवं. बोटाला लागलं तर ठीक, खाली कुठेतरी आहे असं वाटलं तर कमी आहे, आणि कमी आहे म्हणजे कुठूनतरी गेलंय, ते शोधल्याशिवाय नुसतं भरून गाडी सोडू नका.

बदलताना गाडी आधी थोडी फिरवून आणा, कोमट ऑइल पटकन आणि घाण घेऊन निघतं. आता सर्वात महत्त्वाचं, आधी भरायचा प्लग सैल करा, मगच तळाचा. तळाचा उघडून सगळं ऑइल काढलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच अडकली, ना चालवता येते ना भरता येतं. प्लग कुठे चौकोनी खाचेचा असतो, कुठे एलन कीचा, कुठे साधा बोल्टसारखा, बरोबर बसणाराच पाना वापरा, कारण ती खाच एकदा गोल झाली की मोठं काम होतं. खाली पसरट भांडं ठेवा, तळाचा प्लग काढा आणि धार तुटून थेंबावर येईपर्यंत शांतपणे थांबा.

तळाच्या प्लगला बहुधा चुंबक असतं आणि सगळी खबर तिथे लागते. त्यावर राखाडी काळसर मऊ लगदा असेल, दोन बोटांत चोळला तर काजळासारखा गुळगुळीत लागत असेल तर काळजी नाही, ती नेहमीची झीज आहे. चोळताना खरखरीत टोचलं, चमचमते कण दिसले तर बेअरिंग किंवा दात पापुद्र्याने सुटायला लागलेत. आणि ओळखता येईल असा तुकडा मिळाला, दाताचं टोक, रोलरचा भाग, तर गाडी पुढे चालवायची नाही, डिफरन्शियल उघडायचाच. ऑइलचा रंगही बघा. काळपट चालेल, पण दूध घातल्यासारखं पांढरट, फेसाळ असेल तर पाणी शिरलंय. पाण्याने बेअरिंगवर गंजाचे डाग पडतात आणि तिथूनच पुढे खड्डे पडत जातात, अशा वेळी नवं ऑइल भरून थोडं चालवून परत एकदा बदललेलं बरं.

प्लग पुसा, चुंबक स्वच्छ करा, वॉशर नवीन टाका, तळाचा घट्ट करा (मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला असतो, अॅल्युमिनियमच्या हौसिंगला अंगातला जोर लावू नका, आटे जातात) आणि वरून हातपंपाने किंवा नळी लावलेल्या बाटलीने सावकाश भरा. बाहेर सांडायला लागलं की थांबा, जास्तीचं गळून जाऊ द्या, मगच प्लग लावा. बहुतेक कार-पिकअपना एक ते अडीच लिटरच्या आसपास लागतं. जास्त भरलेलंही चांगलं नाही, फेस होतो, तापतं आणि सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) ढकलून बाहेर येतं. जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

ब्रीदरकडे कुणीच बघत नाही आणि माझ्या मते सील गळण्याच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. एक्सलच्या वर एक बारीक टोपी किंवा रबरी नळी असते, तीच. डिफरन्शियल तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला ही वाट. ती मातीने बुजली की दाब सीलवर येतो आणि ऑइल तिथून झिरपायला लागतं. पाण्यात तर याच्या उलट आणि त्याहून वाईट होतं, गरम एक्सल अचानक गार पडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. टोपी हाताने फिरवून बघा, मोकळी हलायला हवी, नळी असेल तर काढून फुंकून बघा. नेहमी पाण्यात जाणारी गाडी असेल तर नळी लांब करून वर बॉनेटमध्ये किंवा बॉडीत नेऊन ठेवा.

गळती तीन ठिकाणी बघायची. पुढे पिनियनच्या सीलपाशी, मागच्या कव्हरच्या कडेने आणि चाकांच्या आतल्या बाजूला. चाकाकडची गळती गंभीर घ्या, ते ऑइल ड्रममध्ये जाऊन ब्रेक लायनर भिजवतं आणि मग एका बाजूचा ब्रेकच लागत नाही. ब्रीदर साफ करूनही पिनियनचं सील गळत असेल तर ते बदलायचं काम साधं दिसतं पण तसं नाही. बऱ्याच गाड्यांत पिनियनच्या नटामागे दबली जाणारी स्लीव्ह असते आणि त्या नटाच्या ताणावर बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब) ठरतो. मेकॅनिकने नट खोलायच्या आधी खूण केली का, प्रीलोड मोजला का ते विचारा. इम्पॅक्ट गनने धडाधड आवळला तर स्लीव्ह जास्त दबते, मग नट सैल करूनही ती परत येत नाही, नवीनच टाकावी लागते, आणि तशीच चालवली तर पिनियनचं बेअरिंग तापून जातं.

आता आवाज. आधी तो डिफरन्शियलचाच आहे का ते ठरवा. एकाच वेगाला गिअर बदलून बघा, इंजिनचे आरपीएम बदलले पण आवाज तसाच राहिला तर तो गिअरबॉक्सनंतरच्या भागाचा, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकांकडचा आहे. रस्ता बदलला, डांबरीवरून काँक्रीटवर गेलात आणि आवाज बदलला तर टायरचा. मोकळ्या रस्त्यावर हलकंसं डावीउजवीकडे केलं आणि एका बाजूला वाढला तर बहुधा चाकाचं बेअरिंग. यातलं काहीच नाही आणि अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाजाचा सूर बदलतोय, तर क्राऊन-पिनियनकडे बघा. दाबल्यावर घोंगावतोय तर दाताची पुढची बाजू, सोडल्यावर घोंगावतोय तर मागची, आणि ठराविक वेगालाच येऊन जातो असंही होतं. पिनियनचं बेअरिंग चाकापेक्षा तीन-चार पट वेगाने फिरतं म्हणून त्याचा आवाज बारीक, चढा, तर पिंजऱ्याच्या बेअरिंगची घरघर जाड. सरळ शांत पण वळताना कुरकुर करतोय तर स्टार पिनियन आणि त्यांचे वॉशर. गिअर टाकून क्लच सोडताना खट्ट होतं ते आधी प्रोपेलर शाफ्टच्या यू-जॉइंटचं (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचं) समजा, खाली जाऊन शाफ्ट हाताने हलवून खात्री करा, उगाच डिफरन्शियल उघडून घेऊ नका. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत वळताना टकटकटक येतं ते बहुतेक वेळा सीव्ही जॉइंटचं (चाकाकडच्या एक्सलच्या सांध्याचं).

वापरण्यातल्या दोन-तीन गोष्टी. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या मापाचे टायर चालवू नका, एक नवाकोरा आणि दुसरा पार गुळगुळीत हेही तेच, कारण मग सरळ रस्त्यावरही स्टार पिनियनला अखंड फिरत राहावं लागतं. लिमिटेड स्लिप आणि कायम फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना तर हे फारच लागतं, क्लच प्लेटा जळतात. मध्ये डिफरन्शियल नसलेली पार्ट टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरीवर फोर व्हीलमध्ये चालवू नका, पुढच्या-मागच्या एक्सलचा फरक जिरायला जागाच नसते. डिफ लॉक चाक घसरायच्या आधी लावायचा, गाडी उभी किंवा अगदी हळू असताना, चाक भिरभिरत असताना लावला तर दात तुटू शकतात. घट्ट जमिनीवर आलात की लगेच काढा, आणि लॉक लावून वळू नका, ट्रॅक्टरवर तर नाहीच. लिमिटेड स्लिपवाल्या गाडीचं एकच चाक उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नका, जमिनीवरचं दुसरं चाक गाडी जॅकवरून खाली पाडू शकतं.

शेवटी क्राऊन-पिनियन बदलायचीच वेळ आली तर दोन्ही जोडीनेच घ्या, कारखान्यात ते एकमेकांशी घासून जुळवलेले असतात, एक जुना एक नवा केला की घोंगावणारच. बसवताना मेकॅनिक डायल गेज लावून बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) मोजतोय का बघा, बऱ्याच कार-जीपना तो साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असतो, आणि दाताला मार्किंगचा रंग लावून फिरवल्यावर उमटलेला ठसा दाताच्या साधारण मध्यावर यायला हवा, टोकाला किंवा मुळाशी नाही. नुसतं हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. नवीन जोडी बसली की पहिले पंचवीस-तीस किलोमीटर हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्या, पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत जड माल किंवा ट्रेलर नको, आणि तिथे पहिलं ऑइल काढून टाका. त्या ऑइलात नव्या दातांची बारीक पूड भरपूर असते, चुंबकावरचा लगदाही जाड निघेल, ते ठीक आहे, पण खरखरीत काही लागलं तर तेव्हाच गाडी परत त्याच मेकॅनिककडे न्या.